पुढचं डावं पेडल

इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर गेली एकतीस वर्षं जो माणूस बसतो, त्याचं खरं नाव पगारपत्रकावर आहे आणि ते तिथंच सुखानं राहतं. बाकी सगळे त्याला ऑपरेटर म्हणतात. सख्खी बहीणसुद्धा रागावली की ऑपरेटर म्हणते, आणि ती बऱ्याचदा रागावलेली असते.

नऊ वर्षांचा असताना तापात त्याची दृष्टी गेली. त्यानंतर जे काही कमावलं ते कानांनी. दोनशे चाळीस खोल्यांचे नंबर तोंडपाठ, आणि फोनवर नुसतं ‘हं’ ऐकलं तरी कुठला डॉक्टर आहे आणि तो जेवलाय की उपाशी आहे, हे सांगणार. या गोष्टीचं त्याला स्वतःला जरा जास्तच कौतुक आहे, पण ते असू द्यावं. एकतीस वर्षांत एकही फोन चुकीच्या वॉर्डात गेला नाही, ही काही साधी गोष्ट नव्हे.

लग्न केलं नाही. बहिणीच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहतो. घर ते इस्पितळ चारशे बारा पावलं, इस्पितळ ते घर पुन्हा तेवढीच. वयाच्या सदतिसाव्या वर्षापर्यंत त्याचं जग एवढंच होतं, आणि त्यात आपलं काही अडत नाही असं तो सगळ्यांना सांगत असे. लोकांना ते खरं वाटायचं. बहिणीच्या नवऱ्याला मात्र वाटलं नाही.

हे भावोजी बसचे ड्रायव्हर. अडतीस वर्षं एकच मार्ग, स्टेशन ते धरण. माणूस अबोल, घरात बोलण्याचं खातं बायकोकडे सोपवून ते मोकळे झालेले. इंजिनाशेजारी आयुष्य काढून डावा कान निकामी झाला होता. एका सुटीच्या दिवशी हे गृहस्थ एक जोडसायकल हातानं ढकलत घरी घेऊन आले. पुढे एक सीट, मागे एक, पेडलांचे दोन जोड आणि दोन्ही एकाच साखळीनं बांधलेले, म्हणजे पुढच्याचे पाय फिरले की मागच्याचे फिरणारच. एका नवरा-बायकोनं ती कोपऱ्यावरच्या सायकल दुकानात दुरुस्तीला टाकली होती. पुढे कोण बसणार यावरून दोघांचं तिथंच वाजलं, आणि नंतर ती न्यायला कुणी फिरकलंच नाही.

“चल, फेरी मारू,” भावोजी म्हणाले. तेवढंच. ऑपरेटरनं दहा कारणं सांगितली. भावोजींनी ती सगळी त्या निकामी कानानं ऐकली आणि त्याला मागच्या सीटवर बसवलं.

बसमधले नियम त्यांनी सायकलवर जसेच्या तसे आणले. बेल वाजवायची मागच्यानं. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ड्रायव्हर बेलशिवाय हलत नाही आणि बेल पडली की वाद घालत नाही. आता ज्याला दिसत नाही त्यानं चल म्हणायचं आणि ज्याला दिसतं त्यानं ऐकायचं, हे बघून गल्लीतल्या लोकांची चांगली करमणूक झाली. पण त्यात अर्थ होता. मागून येणारी गाडी भावोजींना ऐकूच येत नसे; ऑपरेटरला ती दोन वळणं अलीकडे कळे, रिकामी आहे की भरलेली तेसुद्धा. आणि दुसरा अर्थ असा, की आयुष्यात पहिल्यांदा ‘आता निघायचं’ हे ऑपरेटर ठरवत होता. तो पहिल्याच आठवड्यात एवढा ताठ बसायला लागला, की बहीण म्हणाली, हा सायकलवर बसलाय की सिंहासनावर?

आणखी एक नियम होता. कंडक्टरनं ड्रायव्हरच्या केबिनमध्ये हात घालायचा नाही. सायकल पुसायला काढली की दुसऱ्या सीटपासून मागचा भाग ऑपरेटरचा, पुढचा भावोजींचा. हा नियम एकोणीस वर्षं पाळला गेला, आणि तो कशासाठी होता हे ऑपरेटरला एकोणीस वर्षांनी कळलं.

गावाबाहेर चार किलोमीटरचा एक चढ आहे. वर पाण्याची मोठी टाकी. दर सुटीला दोघं तिकडे निघायचे आणि दर वेळी तिसऱ्या वळणावर उतरायचे. तिथं रस्ता एकदम उभा होतो आणि सायकलचा जीव जातो. पुढचा अर्धा किलोमीटर ढकलत. ऑपरेटरला ते झोंबायचं. टाकीपर्यंत तो शेकडो वेळा गेला होता, पण प्रत्येक वेळी चालत, सायकलच्या सीटला धरून. चालायला चारशे बारा पावलं पुरे होती की. त्याला एकदा, आयुष्यात एकदा, न उतरता तिथं पोचायचं होतं.

दोष कुठं आहे तेही त्याला ठाऊक होतं. साखळी एकच, तेव्हा भावोजींच्या पायात काय चाललंय ते त्याच्या तळव्यांना सरळ कळे. उजवा पाय दणकट. खाली दाबतो आणि वर येताना ओढतोही. डावा नुसता दाबतो. वर येताना मेल्यासारखा येतो. “भावोजी, डाव्या पायाला पेन्शन बसली वाटतं,” असं तो म्हणायचा. भावोजी नोकरीत होते तेव्हापासून म्हणायचा, निवृत्त झाल्यावर तर काय, चेवच आला. भावोजी हसून सोडून द्यायचे. निघण्याआधी तो रिवाजाप्रमाणे विचारायचा, “पट्टे?” भावोजी म्हणायचे, “आवळले.” मग दोन बेल.

मग भावोजींचा गुडघा बिघडला. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की आता बदलावाच लागेल, आणि तीन महिन्यांनंतरची तारीख दिली. नव्या गुडघ्यानं चढ चढता येईल का, असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, आधी जिना चढू. म्हणजे टाकी गाठायची तर याच तीन महिन्यांत, नाहीतर विसरायची. ऑपरेटर हट्टाला पेटला.

त्यानं भावोजींना घेऊन कोपऱ्यावरचं दुकान गाठलं. दुकान मिस्त्रीणबाईंचं. वडिलांच्या हाताखाली शिकून त्यांनी ते चालवायला घेतलं त्याला तीस वर्षं झाली. हाताला कायम ग्रीसचा वास आणि जिभेला थोडी धार. त्यांनी नव्या तऱ्हेचं पेडल ऑपरेटरच्या हातात दिलं. जुन्या पेडलाला पुढे पिंजरा असतो, त्यात पाय घालायचा आणि चामड्याचा पट्टा ओढून आवळायचा. पाय काढायचा तर खाली वाकून बकल सैल करायचं. नव्याला पट्टा नाही. बुटाच्या तळाला लोखंडी खटका, तो पेडलात दाबला की खट्ट बसतो, पाय आणि पेडल एकजीव. सोडवायचं तर टाच बाहेर फिरवायची. या पेडलांना क्लिपलेस म्हणतात, म्हणजे क्लिप नसलेली, आणि पायाला तर कायमचं क्लिप करून टाकतात. नाव ठेवणाऱ्यानं पेडल बघितलं होतं की नाही कोण जाणे, असं मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

ऑपरेटर म्हणाला, चारही बसवा. माझे दोन, भावोजींचे दोन.

मिस्त्रीणबाई काही बोलल्या नाहीत. भावोजीही बोलले नाहीत. ज्या माणसाला उपाशी डॉक्टर नुसत्या ‘हं’वरून कळतो, त्याला त्या दोघांच्या गप्प बसण्यातून काहीही कळलं नाही. त्याला वाटलं, म्हातारा नव्या गोष्टीला घाबरतोय. तो म्हणाला, डाव्या पायाची पेन्शन बंद करायची वेळ आली. त्यावर भावोजी म्हणाले, “तुझ्या मनात आहे ना? मग बसवू.”

दोन आठवडे शाळेच्या रिकाम्या मैदानावर सराव झाला. डावा पाय आता ओढायला लागला होता आणि सायकल अशी पळत होती की ऑपरेटरला आभाळ ठेंगणं झालं. तिसऱ्या सुटीला ते रस्त्यावर आले. शाळेच्या कोपऱ्यावर ऑपरेटरला डावीकडून भरलेला ट्रक ऐकू आला. त्यानं एक बेल दिली.

भावोजींनी ब्रेक दाबला. आणि बेल पडली की ड्रायव्हरचा डावा पाय जे अडतीस वर्षं करत आला तेच त्यानं केलं: क्लच दाबला. सरळ खाली. टाच फिरवायची हे डोक्याला माहीत होतं, पायाला नव्हतं. खटका होता त्यापेक्षा घट्ट बसला, सायकल क्षणभर जागच्या जागी उभी राहिली, आणि मग दोघंही पेडलांना जखडलेले असे धान्याच्या पोत्यासारखे डाव्या अंगावर पडले. ट्रक हॉर्न देत निघून गेला.

ऑपरेटरचं कोपर सोललं, खांदा ठणकला. पण त्याहून वाईट ते मधलं पाऊण सेकंद होतं. जमीन कुठून येतेय ते न कळता तिची वाट बघणं. तो रस्त्यात बसूनच ओरडला, “एवढी साधी टाच फिरवता येत नाही तुम्हाला?”

भावोजी गुडघा धरून बसले होते. “चुकलं माझं,” ते म्हणाले.

घरी बहिणीनं दोघांचा यथास्थित समाचार घेतला. एका हातानं नवऱ्याच्या गुडघ्यावर बर्फ धरून दुसऱ्या हातानं भावाच्या कोपराला औषध लावत ती म्हणाली की एकाला दिसत नाही आणि एकाला ऐकू येत नाही, हे मला ठाऊकच होतं. दोघांनाही अक्कल नाही हे कुणी बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर ऑपरेटर एकटाच दुकानात गेला. हँडल वाकलं होतं, सायकल तिथंच होती. मिस्त्रीणबाईंनी विचारलं, आता काय बसवू? तो घुश्शातच म्हणाला, जुनंच बसवा, काय करता. त्यांनी जुन्या पेडलांचं खोकं काढून त्याच्यापुढे ठेवलं. “बघा तुमची तुम्ही,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, आणि या वेळी ते त्याला ऐकू आलं.

त्यानं एकेक पेडल हातात घेतलं. पहिलं त्याचं स्वतःचं, पट्ट्याला त्यानंच पाडलेलं जास्तीचं भोक. दुसरंही त्याचं. तिसरं भावोजींचं उजवं, पट्टा ओढून ओढून पातळ झालेला. चौथं हातात घेतलं आणि तो थांबला. जड, सपाट, रबराच्या दोन वड्यांचं. पिंजरा नाही. पट्टा ओवायला खाच नाही. रबर बाहेरच्या कडेला झिजून निसरडं झालेलं.

“हे आपलं नाही,” तो म्हणाला.

“तुमचंच. पुढचं डावं.”

“पट्टा कधी तुटला?”

“नव्हताच कधी. पहिल्या दिवसापासून नाही.”

मग त्यांनी सांगितलं. ती जोडसायकल न्यायला आले तेव्हा भावोजींनी तीनच पेडलांना पट्टे लावायला सांगितले होते. त्या म्हणाल्या होत्या, अहो, चढावर निम्मा जोर वाया जाईल. तेव्हा तो अबोल माणूस दुकानाच्या पायरीवर उभा राहून एका दमात जेवढं बोलला, तेवढं त्यानंतर कधी बोलला नाही. “ते म्हणाले, मागच्याला जमीन दिसत नाही. तोल गेला तर ती कुठल्या बाजूनं येतेय, ते त्याला कळायचंसुद्धा नाही. माझा एक पाय मोकळा पाहिजे. आणि त्याला सांगू नका, नाहीतर तोही एक पाय सोडून बसेल, मग त्याला सायकल चालवल्यासारखं वाटायचं नाही.”

ऑपरेटर तिथल्या स्टुलावर बसला. मिस्त्रीणबाई शहाण्या; एक चाक घेऊन आत गेल्या.

ते पेडल त्याच्या मांडीवर होतं. एकोणीस वर्षं. प्रत्येक सिग्नल, प्रत्येक फाटक, प्रत्येक कोपरा. एक बेल द्यायची, सायकल डावीकडे किंचित कलायची आणि भिंतीला टेकवल्यासारखी उभी राहायची. सायकल म्हणजे अशीच थांबते, असं तो धरून चालला होता. कुणीतरी ती उभी करतंय, दोन माणसांचं वजन एका पायावर पेलून धरतंय, याचा त्यानं कधी विचारच केला नव्हता. एकोणीस वर्षांत तो एकदाच पडला होता, आणि तेही त्याच्याच हट्टापायी. वर त्यानं भर रस्त्यात त्या माणसाचा पाणउतारा केला होता, आणि त्या माणसानं म्हटलं होतं, चुकलं माझं. पेन्शनचा विनोद तर किती वेळा केला असेल याची गणती नव्हती. ऑपरेटरला आपली इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. आणि त्या लाजेच्या खाली, हळूहळू वर येत, असं काहीतरी होतं की ज्यानं त्याला रडू फुटलं. आपल्याला कुणी इतकं जपलं, आणि जपतोय हे कळूसुद्धा दिलं नाही.

डोळे पुसून त्यानं मिस्त्रीणबाईंना हाक मारली आणि काय बसवायचं ते सांगितलं. मागे दोन्ही खटके. पुढे उजवीकडे पट्टा. पुढे डावीकडे हेच, हे झिजलेलंच, नवं रबरसुद्धा घालू नका.

घरी भावोजी पाय स्टुलावर ठेवून बसले होते. ऑपरेटर समोर जाऊन उभा राहिला.

“मी केबिनमध्ये हात घातला,” तो म्हणाला.

भावोजींना काय समजायचं ते समजलं. “मिस्त्रीणबाईंच्या पोटात काही राहत नाही,” एवढंच ते म्हणाले.

“एकोणीस वर्षं राहिलं की.” मग तो म्हणाला, “माझे दोन्ही पाय जखडलेलेच राहू देत, भावोजी. तुमचा एक मोकळा आहे ना, मग मला काही होत नाही. ओढायचं काम आता मी करीन. डाव्या बाजूचंसुद्धा.”

बहीण दारात उभी होती. ती या खेपेला रागावली नाही. आत जाऊन चहा टाकला.

सूज उतरायला दोन महिने गेले. शस्त्रक्रियेच्या आधीची शेवटची सुटी उरली. बहिणीनं अट घातली की गुडघा दुखला तर त्याच जागी थांबायचं, आणि ऑपरेटरनं तसा शब्द दिला. सकाळी त्यानं खट्ट खट्ट करून दोन्ही पाय बसवले. “पट्टा?” त्यानं विचारलं. “आवळला,” भावोजी म्हणाले. दोन बेल.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. ऑपरेटर दोन्ही पायांनी दाबत होता आणि दोन्ही पायांनी ओढत होता. पुढच्या डाव्या पायाची ती रिकामी जागा प्रत्येक फेऱ्यात त्याच्या तळव्याखाली येई, आणि दर वेळी तो ती स्वतःच्या पायानं भरून काढी. इतकी वर्षं ज्या जागेवर तो चिडत होता, तिच्याशी आज त्याचं भांडण नव्हतं. तिसऱ्या वळणावर रस्ता उभा झाला. साखळीत पुढचा उजवा पायही थरथरताना त्याला जाणवला.

“ऑपरेटर, बेल दे,” भावोजी धापा टाकत म्हणाले.

“दुखतोय?”

“दुखतोय.”

शब्द दिलेला होता. ऑपरेटरचा अंगठा बेलवर गेला आणि तिथंच थांबला. “मग पाय नुसते ठेवा,” तो म्हणाला. “अजिबात दाबू नका. हँडल तेवढं सांभाळा. तरी दुखला तर सांगा, लगेच बेल देतो.”

पुढचा जोर एकदम निघून गेला आणि दोघांचं वजन त्याच्या मांड्यांवर आलं. त्यानं दात आवळले. सायकल माणूस चालेल त्याहून हळू जात होती, डुलत होती, पण जात होती. भावोजींचे पाय आयते फिरत होते. “आता?” त्यानं विचारलं. “आता नाही दुखत,” भावोजी म्हणाले. थोड्या वेळानं त्याला त्यांचं हसू ऐकू आलं. “अडतीस वर्षं लोकांना वर नेलं,” ते म्हणाले. “आज मला कुणीतरी नेतंय.”

मग वारा बदलला. दोन्ही बाजूंची दरड संपली आणि आवाज मोकळे झाले. उजवीकडे उंच, पोकळ असं काहीतरी, त्याच्या आतून पाणी पडल्याचा आवाज. टाकी. ऑपरेटरनं दोन श्वास जाऊ दिले आणि एक बेल दिली.

सायकल थांबली. डावीकडे किंचित कलली. खडीवर बूट टेकल्याचा आवाज आला, खडी दाबली गेली, आणि सायकल उभी राहिली. तो आवाज हजारो वेळा त्याच्या कानांवर पडला होता. आज त्यानं तो ऐकला.

दोन्ही पाय खटक्यात, जमिनीपासून वर, तो तसाच बसून होता. छातीत भाता चालला होता.

“भावोजी.”

“काय?”

“एकोणीस वर्षं म्हणायचं राहून गेलं. तुमच्यामुळे मी पडलो नाही. फार बरं झालं माझं.”

“उतर आता,” ते म्हणाले. “भाषण खाली उतरून कर. माझा पाय अवघडला.”

“उतरतो. दोनच मिनिटं धरा.”

भावोजींनी धरली.